समोच्च रेषांतून रानाचा माग
(तृतीय वर्ष कला, भूगोल)

भूगोलाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत समोच्च रेषांचा प्रश्न हमखास असतो. शंकाकृती टेकडी, खिंड, सोंड, कडा यांपैकी एखादे भूरूप काढायचे, त्याचा आडवा छेद घ्यायचा, पेन्सिलीने नीट छायांकन करायचे आणि जर्नल सही करून घ्यायचे, एवढाच त्या रेषांशी आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध. परीक्षा संपली की रेषाही संपल्या. पण या रेषा ज्यांना परीक्षेसाठी नव्हे, तर गरजेपोटी वाचाव्या लागतात अशीही माणसे जगात आहेत. गिर्यारोहक, सैनिक, धरणाचे अभियंते ही उदाहरणे आपण वर्गात ऐकतो. प्रस्तुत लेखात मी एक वेगळे उदाहरण घेणार आहे. ते म्हणजे अमेरिकेतील शिकारी, उंचीचे तपशीलवार नकाशे व संगणकातील नकाशा-सॉफ्टवेअर वापरून घरबसल्या रानाची पाहणी कशी करतात, हे.

शिकार हा विषय वाचून कोणी दचकू नये. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीला जवळपास पूर्ण बंदी आहे व ती तशीच असावी, असे माझेही मत आहे. परंतु नकाशावाचन म्हणजे काय, याचा इतका चोख धडा मला अन्यत्र सापडला नाही. म्हणून हा प्रपंच.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पश्चिम भागात केंद्र सरकारच्या मालकीची वने व माळराने अफाट पसरलेली आहेत. तेथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येपुरतीच शिकार करता येते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवर जो कर बसतो, त्यातून वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना पैसा मिळतो. शिकारीचे मुख्य जनावर म्हणजे एल्क. हा आपल्या काश्मिरातील हंगुलचा जवळचा नातलग. पूर्ण वाढलेला नर सुमारे ३०० किलो वजनाचा भरतो. कोलोरॅडो राज्यात जेवढे एल्क आहेत तेवढे अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाहीत.

आता अडचण अशी की, परवाना मिळतो तो शेकडो चौरस मैलांच्या एखाद्या विभागाचा. हंगाम असतो थोड्या दिवसांचा. नोकरदार माणसाला रजा मिळते जेमतेम आठवडाभराची. एवढ्या रानात चालायचे कोठून आणि थांबायचे कोठे? पूर्वी याचे उत्तर वर्षानुवर्षे तेच डोंगर तुडवलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे मिळे. आज ते बरेचसे नकाशात शोधले जाते.

कागदापासून किरणांपर्यंत

अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते १८७९ साली स्थापन झाले. या खात्याने साडेसात मिनिटे अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत बसणारे, १:२४,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे देशभरासाठी तयार केले. त्यांची संख्या पन्नास हजारांहून अधिक आहे आणि १९९२ मध्ये ही मालिका पूर्ण झाली. आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे आपण वर्गात पाहतो ते नकाशे १:५०,००० प्रमाणाचे असतात. तेथील नकाशावर १ सेंटीमीटर म्हणजे २४० मीटर, आपल्याकडे ५०० मीटर. डोंगराळ भागात तेथील समोच्च रेषांतर बहुधा ४० फूट असते आणि आपल्याकडे सामान्यतः २० मीटर.

या कागदी नकाशाची मर्यादा त्याच्या रेषांतरातच आहे. ४० फूट रेषांतराच्या नकाशावर ३० फुटांचा उभा कडा दोन रेषांच्या मधे निमूट लपून राहू शकतो. चालणाऱ्या माणसाला तो कडा आडवा येतो, नकाशाला येत नाही.

ही उणीव लायडारने पुष्कळशी भरून काढली. विमानातून जमिनीवर लेसर किरणांचे स्पंद सोडायचे आणि ते परत यायला किती वेळ लागला हे मोजायचे, एवढेच याचे तत्त्व. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागात ३० सेंटीमीटर जातो. जाऊन-येऊन हिशोब धरला तर तेवढ्या काळात १५ सेंटीमीटर उंचीचा फरक कळतो. घनदाट रानातही काही किरण पानांच्या फटींतून थेट जमिनीला टेकून परत येतात. शेवटी आलेले प्रतिसाद निवडले की झाडे गळून पडतात आणि उघडी जमीन समोर उभी राहते. वरील सर्वेक्षण खात्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दर चौरस मीटरला किमान दोन बिंदू आणि उंचीत सुमारे १० सेंटीमीटरपर्यंत अचूकता अपेक्षित असते. त्यावरून एक-एक मीटरच्या चौकोनांचे उंचीचे अंकीय प्रतिमान तयार होते व ते कोणालाही विनामूल्य मिळते.

हे प्रतिमान उघडायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. २००२ साली त्याचे काम सुरू झाले. आपल्या विभागाच्या प्रयोगशाळेतील साध्या संगणकावरही ते चालते. तेथील शिकारी बहुधा फोनवर चालणारी तयार साधने वापरतात. माँटाना राज्यात २००९ साली सुरू झालेले ऑनएक्स हे त्यांतले एक प्रसिद्ध नाव. साधन कोणतेही असो, त्यातून पाच गोष्टी काढून घ्यायच्या असतात: समोच्च रेषा, छायांकित उठाव, उताराचा कोन, उताराची दिशा आणि या सर्वांखाली उपग्रहाचे छायाचित्र.

छायांकित उठावाबद्दल एक गंमत सांगण्याजोगी आहे. सॉफ्टवेअर त्यात ऊन नेहमी वायव्येकडून पाडते. उत्तर गोलार्धात कोलोरॅडोत किंवा आपल्याकडे हिवाळ्यात वायव्येहून ऊन कधीच येत नाही. पण दक्षिणेकडून प्रकाश पाडला तर आपल्या डोळ्यांना दऱ्या डोंगरासारख्या आणि डोंगर दऱ्यांसारखे दिसू लागतात. डोळ्यांच्या सोयीसाठी नकाशाने केलेली ही तडजोड आहे. ती माहीत नसेल, तर चित्रातली सावली पाहून ‘ही बाजू थंड असणार’ असा निष्कर्ष कोणी काढायचा! थंडावा शोधायचा तो उताराच्या दिशेच्या वेगळ्या नकाशात.

चार भूरूपे

तेथील जाणते शिकारी नकाशात जनावर शोधत नाहीत. ते चार-पाच भूरूपे शोधतात. त्यांची इंग्रजी नावे वाचताना मला राहून राहून वाटले, की यांतल्या प्रत्येकाला सह्याद्रीत आधीपासून नाव आहे.

पहिले भूरूप म्हणजे खिंड. एका डोंगरधारेवर दोन शिखरे, आणि त्यांच्या मधे धार खाली झुकलेली. नकाशावर दोन बंद वर्तुळांच्या मधली मोकळी जागा. दरीतून पलीकडच्या दरीत जायचे असेल तर जनावर उगीच शिखर चढत नाही. कमीत कमी चढ जेथे असेल तेथूनच ते ओलांडते. आपले घाटरस्तेही खिंडीतूनच जातात. बैलाने, माणसाने आणि हरणाने एकच गणित केलेले असते.

दुसरे म्हणजे पदर. उभ्या उतारावर मधेच एक अरुंद सपाटी लागते. नकाशावर दाट रेषांच्या मधे दोन रेषा एकदम दूर होतात आणि पुन्हा दाट होतात. भीमाशंकरच्या परिसरात फिरलेल्यांना डोंगराच्या मध्यावरचे पदरातले रान चांगले परिचयाचे असते. पदरावर माती साठते, पाणी मुरते, झाडी वाढते. जनावराला बसायला सपाट जागा मिळते आणि खालचा सारा उतार नजरेत राहतो. ४० फुटी रेषांतराच्या कागदी नकाशात लहान पदर दिसतच नाहीत. एक मीटरच्या प्रतिमानातून दोन-दोन मीटरच्या रेषा काढल्या की ते उमटतात.

तिसरे म्हणजे सोंड. मुख्य धारेपासून खाली उतरत गेलेली उपधार. तिच्या समोच्च रेषा उताराकडे टोक करून येतात, तर ओहोळाच्या रेषा चढाकडे टोक करतात. दरीतून वर चढताना जनावर पुष्कळदा सोंडेचा आधार घेते.

चौथे म्हणजे गळा, अर्थात दोन अडथळ्यांच्या मधली चिंचोळी वाट. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी, मधे शंभर पावलांची जागा. येथून जाणाऱ्याला दुसरा मार्गच नसतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला उंबरखिंडीत गाठले, ते भूमीच्या याच गुणामुळे. जमीन ज्याला वाचता येते, त्याला समोरचा कोठून येणार हे आधी कळते. बोराट्याची नाळ उतरलेला कोणीही ट्रेकर हे तत्त्व पायांनी शिकलेला असतो.

उताराचे साधे गणित

चढ नुसता ‘तीव्र’ किंवा ‘सौम्य’ म्हणून भागत नाही. तो अंशांत काढावा लागतो. १:२४,००० च्या नकाशावर ४० फूट रेषांतर असेल, तर प्रत्येक पाचवी रेषा ठळक असते. दोन ठळक रेषांत २०० फूट, म्हणजे ६१ मीटर उंचीचा फरक. या दोन ठळक रेषा नकाशावर १ सेंटीमीटर अंतरावर असतील, तर जमिनीवरचे आडवे अंतर २४० मीटर. ६१ ला २४० ने भागले की ०.२५ येते, म्हणजे कोन सुमारे १४ अंश. हेच अंतर अर्धा सेंटीमीटर असेल, तर कोन सुमारे २७ अंश. पहिल्या उतारावर माणूस बोलत बोलत चालतो. दुसऱ्यावर धापा टाकतो आणि पावलोपावली थांबतो.

सॉफ्टवेअर हा हिशोब क्षणात करून सारा उतार रंगवून देते. तरी तो एकदा हाताने करावा. कारण लाल-पिवळ्या रंगांकडे पाहून पायात गोळे येत नाहीत, आकड्याकडे पाहून निदान त्यांची कल्पना येते.

वेळेचा अंदाज बांधायला नेस्मिथचा १८९२ चा नियम अजून वापरतात: दर ३ मैलांना एक तास आणि त्यावर दर २,००० फूट चढाला आणखी एक तास. पण शिकाऱ्याला या नियमातही भर घालावी लागते. एल्क मारले, की त्याचे मांस कुजण्याआधी रानाबाहेर आणणे ही त्याची जबाबदारी. मोठ्या नराचे हाडे काढलेले मांसही नव्वद-शंभर किलोंच्या घरात जाते. ते पाठीवर वाहून आणायला एकट्या माणसाला तीन-चार खेपा. म्हणून अनुभवी शिकारी नकाशावर आत जाण्याच्या वाटेआधी बाहेर येण्याची वाट आखतो. जेथून ओझे घेऊन परतता येणार नाही, त्या दरीत कितीही जनावरे असली तरी तो उतरत नाही.

ऊन आणि वारा

उत्तर गोलार्धात, कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील प्रदेशात, दक्षिणाभिमुख उतारावर ऊन अधिक पडते. बर्फ लवकर वितळते, जमीन कोरडी राहते, गवत व झुडपे वाढतात. उत्तराभिमुख उतार थंड, ओलसर आणि दाट झाडीचा. अंगावर जाड केस असलेले एल्क उबदार दिवसांत पहाटे व संध्याकाळी मोकळ्या गवतात चरते आणि दिवसा उत्तरेकडच्या सावलीत जाऊन बसते. म्हणजे चरण्याची जागा व बसण्याची जागा नकाशावर दोन वेगळ्या दिशांच्या उतारांवर सापडतात. त्या दोहोंना जोडणारी खिंड किंवा सोंड म्हणजे त्याची रोजची वाट.

त्यातच वारा. आपण पर्वतीय व दरीय वारे शिकतो, तेच हे. सकाळी उन्हाने उतार तापला की हवा वर चढते. संध्याकाळी थंड झालेली जड हवा पाण्यासारखी ओहोळातून खाली उतरते. एल्क नाकावर जगते. माणसाचा वास त्याला लागला की शिकार संपली. म्हणून संध्याकाळी त्याच्या वरच्या अंगाला थांबायचे नाही आणि सकाळी ऊन तापल्यावर खालच्या अंगाने जायचे नाही. समोच्च रेषा पाहिल्या की हवेचे हे अदृश्य ओहोळही कोठून वाहतील ते दिसते. ज्या नकाशात आपण केवळ पाणी वाहताना पाहतो, त्यात शिकारी वास वाहताना पाहतो.

एक प्रत्यक्ष अभ्यास

माझा मावसभाऊ कोलोरॅडोत नोकरी करतो. त्याच्या शेजाऱ्याला गेल्या हंगामाचा परवाना मिळाला होता. “तू भूगोलाचा ना? मग जरा नकाशा बघून सांग, चालावं कुठून,” असा दादाचा फोन आला. हंगामाला दोन महिने अवकाश होता. राज्याच्या वायव्य भागातील राष्ट्रीय वनाचे प्रतिमान मी उतरवून घेतले आणि आमच्या प्रयोगशाळेत बसून चार गाळण्या लावल्या.

पहिली, उतार १५ अंशांहून कमी. दुसरी, दिशा वायव्य ते ईशान्य. तिसरी, मोटाररस्त्यापासून दीड किलोमीटरहून दूर. ही तिसरी गाळणी मनाची नाही. ओरेगॉन राज्यातील स्टार्की प्रायोगिक वनात १९८९ पासून एल्कवर दीर्घकाळ संशोधन चालले आहे. मोटारी चालतात अशा रस्त्यांपासून एल्क दूर राहते, असे त्यातून दिसून आले. चौथी, उपग्रहचित्रात तीनेकशे मीटरच्या आत मोकळे गवत. या चारही अटी एकदम पुऱ्या करणाऱ्या जागा सॉफ्टवेअरने रंगवल्या, तेव्हा सुमारे ८० चौरस किलोमीटरच्या तुकड्यात अकरा ठिपके उरले. त्यांतून खिंडीच्या जवळचे तीन मी निवडले आणि अक्षांश-रेखांश पाठवले.

ऑगस्टमध्ये दोघे बंदूक न घेता नुसते पाहायला गेले. पहिल्या पदरावर चिखलाची ताजी लोळण आणि तीत शिंगांचे ओरखडे. दुसऱ्या जागी झाडांच्या बुंध्यांवर घासल्याच्या खुणा व खिंडीकडे जाणारी रुळलेली वाट. तिसऱ्या जागी मात्र त्यांना पोहोचताच आले नाही. १९९६ नंतरच्या काळात पाइन भुंगेऱ्यांच्या साथीने कोलोरॅडोत लक्षावधी एकरांवरील पाइन वृक्ष मेले. ते वाळके खोड एकावर एक आडवे पडून तेथे कमरेइतकी जाळी झाली होती. लायडारच्या प्रतिमानात झाडे काढून टाकलेली असतात, तेव्हा त्या सपाट पदरावर काय पडले आहे हे त्यात उमटत नाही. उपग्रहाच्या चित्रात वरचे हिरवे शेंडे दिसतात, त्यांखालची लाकडे नाहीत. “तुझा नकाशा जमिनीपुरता बरोबर आहे, रानापुरतं आम्ही बघतो,” असे दादा म्हणाला. नकाशाच्या मर्यादेची याहून नेमकी व्याख्या मला पुस्तकात सापडलेली नाही.

उंचीच्या रेषा आणि मालकीच्या रेषा

जमिनीवर आणखी एक रेषा असते आणि ती उंची दाखवत नाही, हक्क दाखवते. याचे गाजलेले उदाहरण वायोमिंग राज्यातील एल्क माउंटन येथील आहे. हा डोंगर ११,१५६ फूट उंच आहे. १८६२ च्या कायद्याने लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना एक-एक चौरस मैलाचे चौकोन आलटूनपालटून रेल्वे कंपनीला दिले गेले आणि मधले चौकोन सरकारकडे राहिले. म्हणजे बुद्धिबळाचा पट: काळे घर खासगी, पांढरे घर सरकारी. दोन पांढरी घरे एकमेकांना फक्त कोपऱ्यावर भेटतात. त्या एका बिंदूवरून पांढऱ्यातून पांढऱ्यात जाता येते की नाही?

मिसूरी राज्यातील शिकाऱ्यांनी २०२० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये फोनवरील नकाशाच्या आधारे कोपरे शोधले. फोनचे स्थान काही मीटरांनी इकडेतिकडे असू शकते, म्हणून त्यांनी जमिनीवरची सर्वेक्षणाची खूण पाहून घेतली. २०२१ मध्ये तर त्यांनी एक शिडी नेली आणि खासगी जमिनीला पाय न लावता ते कोपऱ्यावरून पलीकडे उतरले. जमीनमालकाने आक्षेप घेतला. एप्रिल २०२२ मध्ये फौजदारी खटल्यात ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. दिवाणी दावा चालू राहिला. २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने व मार्च २०२५ मध्ये दहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने, १८८५ च्या बेकायदा कुंपणविरोधी कायद्याच्या आधारे, शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाचे अपील ऐकण्यास नकार दिला. अशा रीतीने कोपऱ्यांत अडकलेली सरकारी जमीन अमेरिकेच्या पश्चिमेत सुमारे ८३ लाख एकर भरते, अशी मोजणी २०२२ मध्ये ऑनएक्सने प्रसिद्ध केली होती.

कागदी नकाशाच्या काळात हे कोपरे सामान्य माणसाला सापडतच नसत. जमीन सरकारी होती, पण तिची वाट माहीत नव्हती. नकाशा हातात आला आणि हक्काचा प्रश्न उभा राहिला. सातबारा आणि बांध यांवरून पिढ्यान् पिढ्या भांडलेल्या आपल्या प्रदेशाला हे नवीन नाही.

न्याय काय?

येथे एक शंका येते. माणसाच्या हातात इतकी साधने आली, तर बिचाऱ्या जनावराने जावे कोठे? हा प्रश्न तेथील शिकाऱ्यांनाही पडला आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने न्याय्य पाठलागाचे तत्त्व पुरस्कारले: जनावराला निसटण्याची खरी संधी असलीच पाहिजे. त्याच विचाराने कोलोरॅडो, माँटाना यांसारख्या राज्यांत ड्रोन उडवून सावज शोधण्यास बंदी आली. ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी झाडाला बांधायचे स्वयंचलित कॅमेरेही बंद केले.

नकाशावर मात्र कोणी बंदी घातलेली नाही. मला वाटते, याचे कारण विचार करण्याजोगे आहे. ड्रोन व कॅमेरा जनावर कोठे आहे ते दाखवतात. उंचीचा नकाशा जनावर दाखवत नाही. ते एखाद्या जागी का असावे, एवढाच तर्क तो आपल्याकडून करवून घेतो. तर्क करण्यासाठी चारा, पाणी, सावली, वारा आणि त्या जनावराचा स्वभाव यांचा अभ्यास असावा लागतो. आणि तर्क खरा की खोटा, ते पायी जाऊनच कळते. ज्या साधनाने अभ्यासाची गरज संपते, ते अन्यायाकडे झुकते. ज्या साधनाने अभ्यासाची गरज वाढते, ते विद्येचे साधन होय.

आपल्यापुरते

आपल्याकडे बंदूक नाही, पण रान आहे आणि रानातून चालणारी जनावरेही आहेत. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्रातील टप्प्यात वन्यजीवांसाठी ५० ते ७५० मीटर लांबीच्या नऊ मार्गिका रस्त्याखाली बांधल्या आहेत. वाघ त्यांचा वापर करतात, हे कॅमेऱ्यांतून सिद्ध झाले. अशी मार्गिका बांधायची कोठे, हा प्रश्न आणि शिकाऱ्याने थांबायचे कोठे, हा प्रश्न मुळात एकच आहे. जनावर कोठून ओलांडील? एका ठिकाणी उत्तर चुकले तर शिकारी रिकाम्या हाताने परततो. दुसऱ्या ठिकाणी चुकले तर वाघ गाडीखाली येतो. नकाशावाचनाची किंमत आपल्याकडे अधिक आहे, ती या अर्थाने.

साधनांची सबबही आता राहिलेली नाही. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची रडारने मोजली. तिची सुमारे ३० मीटर तपशिलाची माहिती भारतासाठीही विनामूल्य मिळते. आपल्या कार्टोसॅट-१ उपग्रहावरून तयार केलेले उंचीचे प्रतिमान भुवन या संकेतस्थळावर आहे. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांवरील जुनी बंधनेही पुष्कळ सैल केली. एक मीटरचा तपशील त्यात नाही हे खरे. पण खिंड, सोंड आणि मोठा पदर ओळखायला ३० मीटर पुष्कळ झाले.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. जर्नलातल्या काल्पनिक टेकडीऐवजी प्रत्येकाने आपल्या गावामागच्या डोंगराचे प्रतिमान घ्यावे. त्यावर खिंड, पदर, सोंड व गळा यांच्या खुणा कराव्यात, उत्तरेकडचा उतार रंगवावा, पाणी कोठे टिकेल याचा अंदाज लिहावा. मग सुटीत वही घेऊन तेथे जावे आणि अंदाजापुढे बरोबर किंवा चूक अशी नोंद करावी. गुराखी भेटला तर त्याला विचारावे, ‘मामा, जनावर कुठून उतरतं?’ तो बोट दाखवील तेथे आपली खूण असेल, तर रेषा वाचता आल्या असे समजावे. नसेल, तर त्याच्याजवळ बसून त्याचे कारण ऐकावे. त्या डोंगराचा नकाशा त्याने कधी पाहिलेला नसतो, पण तो रोज त्यातून चालत असतो.